बकुळाबाईंनी संसदेशी ठरवलेला भाव

रोज सकाळी पावणेनऊला बकुळा डोर्लेकर अर्धं लिंबू घेऊन उजव्या हाताचा अंगठा घासायची. आधी पुढून, मग नखाच्या कडेनं, मग पुन्हा पुढून. पदराचं एक टोक ती त्यासाठीच कोरडं राखायची. त्याला अंगठा पुसायची, वर एक फुंकर मारायची आणि मग तो मोबाइलच्या काचेवर टेकवायची. मोबाइल तिला ओळखायचा नाही. पुन्हा लिंबू, पुन्हा पदर, पुन्हा फुंकर. तिसऱ्या-चौथ्या खेपेला काच उजळायची आणि शेजारच्या पाटीमागून येसूबाई म्हणायची, "ओळखलंन गो एकदाचं तुला."

मांडवीच्या नाक्यावर मासळी विकायला बसून बकुळाला एकतीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं खवले काढून आणि बर्फ फोडून अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्र तिला ओळखायचं नाही, बँकेतलं ओळखायचं नाही, आणि आता विद्यापीठाचं ॲपही तिच्याकडे परक्यासारखं पाहायचं. पण एकदा काच उजळली की तिचा चेहराही उजळायचा. मोबाइल वजनकाट्याला टेकून उभा राहायचा, एका कानात इअरफोन जायचा, आणि कुठल्याशा दूरच्या शहरातले राज्यशास्त्राचे सर बोलू लागायचे. दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा.

"राज्यसभेचे सदस्य अप्रत्यक्ष पद्धतीने निवडले जातात," सर सांगायचे.

"सौंदाळे ताजे हायत, कल्ला उघडून बघा," बकुळा सांगायची.

सर थांबवता यायचे, हीच तर गंमत होती. गिऱ्हाईक आलं की सरांच्या तोंडावर बोट ठेवायचं, सर उघड्या तोंडानं तसेच वाट बघत बसायचे. गिऱ्हाईक गेलं की पुन्हा बोट, आणि सर जणू काही झालंच नाही असे पुढे चालू. नाक्यावर जेवढं ऐकून होईल तेवढं ती तिथं ऐकायची, उरलेलं दुपारी घरी, भांडी घासताना. नवरा खंडू एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. तो दुपारी झोपलेला असायचा आणि झोपेतच त्याच्या कानावर पंचायत राज पडायचं.

हे वेड लागायला एक खांब कारणीभूत होता. लेक नेत्रा बी.कॉम. झाली तेव्हा पदवीदान समारंभाला बकुळा नवी साडी नेसून गेली. पुढच्या रांगा पदवीधरांसाठी राखून ठेवलेल्या. पालकांना मागे जागा, आणि बकुळाच्या वाट्याला नेमकी खांबामागची खुर्ची आली. लेकीचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या वाजल्या, आणि बकुळाला दिसली ती काळ्या झग्याची एक बाही. घरी परतल्यावर दारात चप्पल काढताना म्हणाली, "पुढच्या रांगेत बसायला काय लागतं?"

"डिग्री लागते, आई."

"किती वर्षं?"

"तीन."

"बरं. तीन म्हणजे काय फार नाय."

एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरलं म्हणून तिनं पहिल्या वर्षाची परीक्षा सोडली होती. तेव्हापासून आजपर्यंत तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशीही काढलं नाही. आठ दिवसांनी नेत्रा काम करायची त्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिनं ऑनलाइन बी.ए.चा अर्ज भरला आणि फोटोत हसू नये असं सांगूनही ती हसली.

दोन वर्षं झाली, दोन्ही परीक्षांत ती पास झाली. तिसरं वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर, डिसेंबरात, नेत्रा एका दुपारी दुकानातून वर्तमानपत्र घेऊनच घरी आली. संसदेत ऑनलाइन उच्च शिक्षणाचं एक विधेयक मांडलं गेलं होतं. खोट्या डिग्र्या विकणाऱ्या संस्थांना चाप बसावा म्हणून ते आणलं होतं, आणि त्यात वाईट असं काही नव्हतं. पण आत कलमं होती. विद्यार्थ्यानं सकाळी नऊ ते बारा थेट तासाला पडद्यासमोर हजर राहायचं. हजेरी पंचाहत्तर टक्के. नंतर पाहिलेलं तासाचं रेकॉर्डिंग धरायचं नाही. परीक्षा ठरलेल्या केंद्रावर, आणि रत्नागिरीकरांसाठी केंद्र कोल्हापूर. आणि हे सगळं आधी प्रवेश घेतलेल्यांनाही लागू.

"म्हणजे तुझं तिसरं वर्ष गेलं, आई," नेत्रा म्हणाली. "नऊ ते बारा तू पाटीवर. तुझी हजेरी शून्य."

बकुळानं हात पुसले, पेपर घेतला, बातमी दोनदा वाचली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून नेत्रा घाबरली, कारण ते हसू होतं.

"हे अजून कायदा नाय झालं. हे समितीकडं गेलंय. संसदेची स्थायी समिती. ती लोकांकडनं सूचना मागवते, साक्षी घेते, मग अहवाल देते." ती उठून उभी राहिली. "अगो, ह्याच्यावर मी पाच मार्कांचं उत्तर लिवलंय. साडेचार पडलेत."

खरंच, महिन्याभरात पेपरात जाहिरात आली. सूचना पंधरा दिवसांत पाठवाव्यात, हिंदी किंवा इंग्रजीत, दोन प्रती. ज्यांना समितीपुढं प्रत्यक्ष बोलायचं असेल त्यांनी तसं स्पष्ट लिहावं. बकुळानं मराठीत लिहिलं, नेत्रानं हिंदी केलं. "नऊ ते बारा ही वेळ ज्यांनी ठरवली त्यांच्या घरी मासे आयते येत असणार," हे वाक्य नेत्रानं दोनदा गाळलं आणि बकुळानं दोनदा परत घातलं. शेवटी प्रत्यक्ष बोलण्याचा प्रश्न आला तेव्हा खंडू कुशीवर वळून म्हणाला, "लिव ना येते म्हणून. ते काय बोलावतायत?"

त्यांनी बोलावलं.

पहिला फोन आला तेव्हा बकुळा कोळंबी तोलत होती. "मैं संसद भवन से बोल रहा हूँ," पलीकडचा माणूस म्हणाला. "आणि मी राष्ट्रपती भवनातून," असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्याच आठवड्यात कोणीतरी पार्सल अडकल्याचं सांगून येसूबाईच्या भाच्याला गंडा घालायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे सगळा नाका सावध होता. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा तिनं तो येसूबाईला दिला. येसूबाईनं त्या माणसाला जे सुनावलं ते ऐकून दोन गिऱ्हाइकं मासे न घेताच निघून गेली. तिसऱ्यांदा त्या बिचाऱ्यानं फोनच केला नाही, नेत्राच्या पत्त्यावर मेल पाठवली. वर राजमुद्रा, खाली सही, मध्ये तारीख आणि वेळ. नेत्रा दुकानाचं शटर अर्धवट ओढून नाक्यापर्यंत धावत आली.

मग बकुळानं स्वतः दिल्लीला फोन लावला. आधी झाल्या प्रकाराची माफी मागितली. मग विचारलं, विधेयक ऑनलाइन शिक्षणाचंच आहे, तर मी इथूनच मोबाइलवर बोलले तर चालेल का?

"नहीं मैडम. समिति की बैठक ऑनलाइन नहीं होती. आपको खुद आना पड़ेगा."

फोन ठेवल्यावर ती पाटीवर बसून इतकी हसली की बर्फ वितळून पाणी रस्त्यापर्यंत गेलं. ऑनलाइनसाठी बोलायला दीड दिवस आगगाडीनं जायचं. येसूबाईला समजावून सांगताना तिला पुन्हा हसू फुटलं, मग येसूबाईला फुटलं, मग काय झालं हे माहीत नसलेल्या चार जणी हसू लागल्या.

मायलेकी निजामुद्दीनला जाणाऱ्या गाडीनं निघाल्या. बकुळानं डब्यात सुकटीची चटणी आणि भाकऱ्या घेतल्या होत्या. पनवेलला डबा उघडला तेव्हा समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. वडोदऱ्याला त्यांनी रुमाल काढला. कोटा यायच्या आत त्यांच्याच बायकोनं चटणीची कृती लिहून घेतली. निजामुद्दीनला उतरताना बकुळाचा डबा रिकामा होता आणि तिच्या वहीत तीन नवे फोन नंबर होते.

आता पुढचं सांगायच्या आधी नाक्यावरची एक रीत सांगायला हवी, कारण तिच्यावाचून दिल्लीत जे झालं ते वेडेपणाचं वाटेल. धक्क्यावर मासळी घेताना बकुळा भाव करायची तो येसूबाईनं शिकवलेल्या पद्धतीनं. माशाकडे बघायचं नाही, समोरच्याच्या पायांकडे बघायचं. पहिला आकडा इतका खाली बोलायचा की समोरच्याला राग आला पाहिजे. मग हळूहळू वर यायचं. आणि शेवटचा आकडा बोलला की तिथं एक क्षणही थांबायचं नाही. पाठ फिरवायची आणि चालू पडायचं. समोरच्याला पटलं नाही तर तो जाऊ देतो. पटलं तर मागून हाक मारतो. हाक मारली म्हणजे सौदा झाला, त्यावर पुन्हा बोलायचं नाही. बत्तीस बंदरांचं पाणी प्यायलेले व्यापारी ही रीत मोडत नाहीत.

समितीच्या खोलीत घोड्याच्या नालासारखं लांब टेबल होतं. प्रत्येकापुढं माइक, पाण्याचा पेला, आणि तिच्यापुढं एक पाटी: 'श्रीमती बकुला डोरलेकर'. नेत्राला बाहेर बसवलं होतं. बकुळाच्या आधी एक कुलगुरू आणि एका कंपनीचे साहेब पडद्यावर चित्रं दाखवून बोलून गेले होते. तिच्याकडे चित्रं नव्हती. हिंदी होती ती ट्रॉलरवरच्या नेपाळी खलाशांकडून शिकलेली. त्यात दोरी, बर्फ आणि शिव्या सोडल्या तर बाकीचा साठा बेताचाच.

अध्यक्ष म्हातारे, गोड चेहऱ्याचे होते. त्यांनी विचारलं, "बकुलाजी, पचहत्तर प्रतिशत में आपको क्या कठिनाई है?"

बकुळा गांगरली. समोर तेवीस खासदार. आणि माणूस गांगरला की हाताला जे सवयीचं तेच करतो.

"शेठ," ती म्हणाली, "पचहत्तर बहुत होता है. तीस करो."

खोलीत कोणीतरी खोकलं. उजवीकडे बसलेले एक सदस्य पूर्वी प्राध्यापक होते, कडक होते, आणि सकाळपासून कोणालाच सोडत नव्हते. ते म्हणाले, "तीस? यह कोई मज़ाक है? सत्तर से नीचे मैं सोच भी नहीं सकता."

राग आला होता. म्हणजे आकडा बरोबर पडला होता. बकुळाच्या अंगात एकदम बळ आलं. तिनं त्यांच्या पायांकडे बघायचा प्रयत्न केला, पण मध्ये टेबल होतं, म्हणून पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाली, "पैंतीस."

"साठ. साठ के नीचे डिग्री का अर्थ क्या रहेगा?"

"चालीस. रेकॉर्डिंग गिनके."

"रेकॉर्डिंग? ठीक है, रेकॉर्डिंग मान भी लें, तो भी पचपन..." बोलता बोलता प्राध्यापक थबकले. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंनी आता माना पुढे झाल्या होत्या. एका किनारपट्टीच्या बाई खासदार होत्या, त्यांनी तोंडावर फाइल धरली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. लघुलेखक मान खाली घालून आकडे उतरवत होता.

"पचास," बकुळा म्हणाली. "आखरी."

आणि ती उठली, पिशवी खांद्याला लावली, आणि दाराकडे चालू लागली.

कोणालाच काही कळेना. सचिव अर्धवट उभे राहिले. दारावरचा शिपाई दार उघडावं की धरून ठेवावं या विचारात तसाच राहिला. बकुळा मनात पावलं मोजत होती. सातव्या पावलाला अध्यक्षांचा आवाज आला, "बकुलाजी, वापस आइए. अभी आपका समय बाकी है."

हाक आली. बकुळा वळली तेव्हा तिचा चेहरा नारळीपौर्णिमेच्या दिवशी होडीला लावलेल्या झेंडूसारखा दिसत होता. ती परत येऊन बसली, पेल्यातलं पाणी प्यायली, आणि आता भावाची काळजी मिटल्यामुळे तिची हिंदीसुद्धा सुटी झाली. जिला नऊ ते बारा मोकळं असतं ती कॉलेजात जाते, असं ती म्हणाली. ऑनलाइन आहे ते ज्यांना तेव्हा मोकळं नसतं त्यांच्यासाठी. परीक्षा कडक घ्या, दहा कॅमेरे लावा, माझं काही म्हणणं नाही. "गिऱ्हाईक पूछता है मच्छी कब पकड़ा, क्योंकि मच्छी सड़ता है. सबक नहीं सड़ता, शेठ. मैं सुबह सुनूँ, दोपहर को सुनूँ, वो ताज़ा ही रहता है."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. बाई खासदारांनी फाइल खाली ठेवली आणि विचारलं, तुमच्याकडे बांगडा कधी स्वस्त होतो. अध्यक्षांनी घंटी वाजवून ते कामकाजात घेऊ नका असं सांगितलं.

निघताना सचिवांनी बजावलं: समितीपुढं जे बोललं गेलं ते अहवाल सभागृहात ठेवेपर्यंत बाहेर कोणाला सांगायचं नाही, तो विशेषाधिकाराचा भंग होतो. "ठाऊक हाय," बकुळा मराठीतच म्हणाली. तेही दुसऱ्या वर्षाला होतं.

बाहेर आल्यावर नेत्रानं विचारलं, "काय झालं?"

"झालं," बकुळा म्हणाली. आणि रत्नागिरी स्टेशन येईपर्यंत त्यापुढे एक शब्द नाही.

मांडवीत तोवर अशी गोष्ट घडली नव्हती. नाक्यावर कुठली बातमी तासभर झाकून राहिली नव्हती, आणि इथं बकुळा दिल्लीला जाऊन आली होती आणि सांगत नव्हती. येसूबाईनं पहिले दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट बकुळाच्या पाटीत ठेवलं.

"हे कशाला?"

"असंच. तू दमून आलीस. काय म्हणाले गो ते?"

बकुळानं पापलेट उचलून परत ठेवलं. "अहवाल मांडेपर्यंत नाय सांगता येत, येसूबाय. कायदा हाय."

"मला सांगून कोणाला कळतंय?"

यावर बकुळा नुसती हसली, आणि त्या हसण्यानं सगळी माती झाली. सांगत नाही, वर हसते, म्हणजे काहीतरी मोठं आहे. आठवड्याभरात मांडवीत ठरलं की बकुळानं नाक्याला पत्र्याची शेड मंजूर करून आणली. दुसऱ्या आठवड्यात शेडला बर्फाचा कारखाना जोडला गेला. खाडीपलीकडच्या भाट्ये गावाहून दोघं जण नारळाच्या रोगाचा अर्ज घेऊन आले. गंगुबाई नावाच्या एका म्हातारीनं तिच्या विधवा पेन्शनचे कागद आणले, आणि बकुळानं ते मात्र नेत्राच्या दुकानात बसून खरोखर भरून दिले. खंडूला धक्क्यावर लोक चहा पाजू लागले. "बायको काय म्हणाली काय दिल्लीत?" असं विचारलं की तो गंभीर होऊन म्हणायचा, "गोपनीय हाय." त्यालाही काही ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र नेत्राला खटकत होती. आई निर्धास्त झाली होती. पूर्वी एक तास चुकला तर जेवायची नाही, आता दोन-दोन दिवस मोबाइल उघडायची नाही.

"आई, विधेयक अजून मंजूर नाय झालं."

"ठरलंय ते," बकुळा म्हणायची. "पन्नास." आणि जीभ चावायची.

मार्चअखेर अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला गेला. नेत्रानं दुकानातल्या यंत्रावर एकशे बेचाळीस पानं छापली आणि मालकाला न विचारता नाक्यावर आणली. मधल्या एका परिच्छेदात लिहिलं होतं: 'एका साक्षीदाराने समितीच्या निदर्शनास आणून दिले की ज्ञान हा नाशवंत माल नाही.' आणि त्याखाली शिफारस: नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी उपस्थिती पन्नास टक्के असावी आणि रेकॉर्ड केलेले तासही त्यात धरावेत.

त्या दिवशी बकुळानं तोंड उघडलं. सगळं सांगितलं, शेठ म्हटल्यापासून दारापर्यंतच्या सात पावलांपर्यंत. मासे विकायचे राहिले. माश्या घोंगावू लागल्या तरी कोणी हाकलेना. "आणि हाक मारलीन?" येसूबाईनं तिसऱ्यांदा विचारलं. "मारलीन." येसूबाई पदर खोचून उभी राहिली आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी स्कूटरवाल्याला थांबवून तिनं सांगितलं की ही चाल तिची आहे, बकुळाला तिनं शिकवली, पंचवीस वर्षांपूर्वी.

पण समिती शिफारस करते, कायदा सभागृह करतं. हेही पाच मार्कांच्या उत्तरात होतं, आणि त्यातलाच अर्धा मार्क बकुळाचा गेला होता.

ऑगस्टमध्ये विधेयक मतदानाला आलं. मासेमारी बंदी नुकतीच उठली होती, पाट्या भरून येत होत्या, आणि नाक्यावर नेत्राच्या मोबाइलभोवती पंधरा डोकी जमली होती. मंत्री उभे राहिले. सरकारनं समितीच्या बऱ्याच शिफारशी स्वीकारल्या होत्या. रेकॉर्डिंग धरलं जाईल. उपस्थिती साठ टक्के. आवाजी मतदानानं मंजूर.

बकुळानं मोबाइल उलटा ठेवला.

"साठ," ती म्हणाली. "पन्नास ठरलं होतं."

"आई, त्यांनी हाक वेगळ्या कारणानं..."

"हाक मारून बोलावलं होतं मला. हाक मारल्यावर भाव वाढवतात काय कोण?" ती पाटी आवरू लागली. "मी नाय घेत साठाला. ठेवा तुमची डिग्री."

आणि खरंच तिनं चार दिवस ॲप उघडलं नाही. सौदा मोडणाऱ्याचा माल तिनं आयुष्यात घेतला नव्हता. नेत्रानं हिशोब करून दाखवला: बंदीच्या दोन महिन्यांत पाहिलेलं धरून ती सत्तेचाळीसवर होती, डिसेंबरपर्यंत साठ सहज होतील. बकुळा ऐकून घ्यायची आणि खवले काढायची. खंडूनं मध्यस्थी करून पाहिली आणि बोलणी खाऊन मागे फिरला.

पाचव्या दिवशी येसूबाई आपली पाटी उचलून बकुळाच्या पाटीला चिकटून बसली.

"बकुळे, कोणी सौदा मोडला आणि मासा तर आपल्याला हवाच असला, तर आपण काय करतो?"

"तू सांग."

"वर मागतो. दहानं भाव चढवलास, बरं, मग ह्या वाट्यावर एक बांगडा वर टाक. टाकलान तर घेतो. तुला त्यांनी वर काय टाकलंन ते बघितलंस?"

बकुळानं नेत्राकडे पाहिलं. नेत्रानं मोबाइल काढला, कायद्याचा मसुदा उघडला आणि कलमं वाचत खाली खाली गेली. उपस्थिती. रेकॉर्डिंग. आधीच्या विद्यार्थ्यांना तीच सवलत. मग तिचं बोट थांबलं. परीक्षा केंद्रावर जाण्याची सक्ती मंत्र्यांनी शेवटच्या दिवशी काढली होती. घरून, कॅमेऱ्यासमोर, परीक्षा देता येईल.

"कोल्हापूर सुटलं, आई. परीक्षा घरी."

कोल्हापूरबद्दल बकुळा समितीपुढं एक शब्द बोलली नव्हती. मागितलं नव्हतं, तरी पडलं होतं.

"घरी," ती म्हणाली. "म्हणजे मोठा टाकलाय."

"सुरमईएवढा," येसूबाई म्हणाली.

बकुळानं लिंबू कापलं.

नोव्हेंबरच्या शेवटी ॲपवर तिची हजेरी एकसष्ट टक्के दिसली. तो जास्तीचा एक टक्का का पाहिलास असं नेत्रानं विचारलं तेव्हा ती म्हणाली की तो प्राध्यापकांसाठी.

पहिला पेपर सकाळी दहाला होता. आदल्या दिवशीच मधली खोली रिकामी करून ठेवली होती, कारण कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं की पेपर रद्द. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवलं, कारण त्यावर राष्ट्रपतींचा फोटो होता आणि तेही दुसरं माणूसच, अशी खंडूची शंका. मांडवीतली निम्मी बाईमाणसं त्या दिवशी पाट्या न उचलता ओटीवर, पायरीवर, माडाच्या बुंध्याशी जमली. मुलांना गप्प केलं. शेजारची पिठाची गिरण येसूबाईनं जाऊन बंद करवली. नेत्रा खिडकीबाहेर, पडद्यात येणार नाही अशी, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. खंडू स्वयंपाकघरात होता. जाळ्याला गाठ मारताना कधी चुकला नव्हता तो माणूस पळी कुठं ठेवली ते शोधत होता.

बकुळा पडद्यासमोर बसली. नवी साडी, केस चापून बसवलेले, पुढे कोरे कागद. पलीकडे कुठल्याशा शहरातून लक्ष ठेवणाऱ्या मुलीचा आवाज आला. तिनं खोली फिरवून दाखवायला सांगितली. टेबलाखाली दाखवायला सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, आता मी पेपर सुरू करते. त्यानंतर तीन तास तोंडातून शब्द काढायचा नाही, ओठ हलले तरी नोंद होते. कोणाला काही सांगायचं असेल तर आत्ता सांगून घ्या."

ओटीवर सगळं थांबलं. येसूबाईनं हात जोडले. संसदेशी भाव करून आलेली बाई आता काय बोलते, म्हणून चाळीस माणसांनी कान टवकारले.

बकुळानं मान स्वयंपाकघराकडे वळवली.

"अहो, कालवणात कोकमं टाकायची राहिलीत. तेवढी टाका."